अंगठ्यातली टक

"दोघींचे बोर्ड बघा मॅडम. नीट बघा," यादव सर म्हणाले. "एकाच जागी एकच चूक. आता ह्याला काय म्हणायचं?"

दोन्ही फळ्या शेजारी शेजारी तिरप्या उभ्या होत्या. फळीवर खुंट्या, आणि खुंट्यांमधून नेमलेल्या वाटेने ओढलेल्या रंगीत वायरी. मोटारगाडीच्या पोटात जो वायरींचा जुडगा असतो त्याला हार्नेस म्हणतात. आमच्या कंपनीत तो बनायचा. नवीन आलेल्या बायकांना लाइनवर उभं करण्याआधी ज्या खोलीत यादव सर शिकवत, तिला सगळे दोजो म्हणत. शब्द जपानी होता, खोली मात्र पत्र्याची होती.

तबस्सुमच्या फळीवर पिवळी-काळी वायर पिवळ्या-हिरवीच्या वाटेने गेली होती. शेजारच्या मालन दिवटेच्या फळीवरही.

"कॉपी," यादव सरच म्हणाले. "दहावीला बसल्यासारखं चाललंय इथं."

"मी नाही हां केली कॉपी," तबस्सुम म्हणाली. "माझी चूक माझी स्वतःची आहे सर. एकदम ओरिजिनल."

सगळ्या बायका हसल्या. मालनही हसली, पण सगळ्यांच्या नंतर. आधी तिनं तबस्सुमच्या तोंडाकडे पाहिलं, मग इतरांच्या तोंडांकडे, आणि मग हसली.

ते माझ्या नजरेतून सुटलं नाही. मी वायरींकडे बघायला लागले.

"मालनबाई एकदा चाचणीत नापास झाल्यात," सर मला बाजूला घेऊन म्हणाले. "शनिवारी दुसरी चाचणी. देसाई साहेब स्वतः घेणारेत. त्यात उडाल्या की नियमाप्रमाणे घरी. मी म्हणतो, तोवर तरी कशाला थांबायचं? बाईचं लक्षच नसतं. मी एक सांगतो, ती भलतीकडंच बघत असते."

"कुठे बघते?"

"माझ्या थोबाडाकडं!" सर म्हणाले. "मी बोर्डावर बोट ठेवतो आणि ही बघते माझ्या मिशीकडं."

मी म्हटलं, "शनिवारपर्यंत राहू द्या. मी बघते."

कोल्हापूरजवळच्या त्या कारखान्यात मी प्रशिक्षण अधिकारी होते. बाळंतपणाची रजा वाढवून वाढवून शेवटी नुकतीच कामावर परतले होते. त्याला आता बरीच वर्षं झाली. त्या दिवसांतली मी मला आठवते ती कामं उरकणारी. सकाळी उठायचं, ऋताला दूध पाजायचं, डबा भरायचा, कंपनीच्या जीपमध्ये बसायचं. लोक विचारायचे, बाळाला सोडून येताना जीव तुटत असेल ना? मी हो म्हणायचे. खरं तर काहीच होत नव्हतं. जीपच्या खिडकीतून उसाचे मळे मागे पडत, आणि मी ते पडताना बघत बसे.

जेवणाच्या सुट्टीत सगळ्या कॅन्टीनला गेल्या. मालन एकटीच बोर्डापाशी थांबून वायर उलगडत होती. तिची माझ्याकडे पाठ होती. मी कनेक्टरांनी भरलेला पत्र्याचा ट्रे उचलला, टेबलाच्या कडेपर्यंत नेला आणि सोडून दिला.

बाहेरचा शिपाई दारात धावत आला. "काय पडलं हो?"

मालनचा खांदासुद्धा हलला नाही. तिचे हात शांतपणे पिवळी-काळी वायर खुंटीवरून काढत होते.

"काही नाही," मी शिपायाला म्हटलं आणि खाली बसून कनेक्टर गोळा करू लागले. असं काहीतरी मुद्दाम पाडून बघायचा मला तोवर सराव झाला होता.

थोड्या वेळानं ती वळली आणि दचकली. "आगं बया! कवा सांडलं वो हे?" खणखणीत आवाजात ती म्हणाली आणि माझ्यासोबत वेचायला बसली.

त्या संध्याकाळी घरी गेले तर सासूबाई ऋताला मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"काय गुणी पोर आहे हो!" त्या म्हणाल्या. "दुपारी पाळण्याशेजारीच मिक्सरवर शेंगदाण्याचं कूट केलं. वरच्या मजल्यावर ते ड्रिलवाले आलेत, त्यांचा तर नुसता उच्छाद. ही ढिम्म हलली नाही. निखिल कसा होता लहानपणी? टाचणी पडली तरी भोकाड."

"हो," मी म्हटलं.

"तुझ्यावर गेली असेल. तू शांत आहेस."

"हो."

ऋता माझ्याकडे बघून हसली. मी हात पुढे केले तेव्हा हसली. आधी दारातून दोनदा हाक मारली होती, तेव्हा नाही.

दुसऱ्या दिवशी मी मालनला सामानाच्या खोलीत बोलावलं. वायरींच्या रिळांनी भरलेली ती अरुंद खोली. मी दिव्याखाली उभी राहिले, माझा चेहरा उजेडात येईल अशी.

"मालनताई, तुम्हाला ऐकू येत नाही," मी म्हटलं.

ती माझ्या ओठांकडे बघत होती. "येतं की!" ती म्हणाली. मग जरा थांबून, "तोंड दिसलं की येतं."

"आणि तोंड दिसलं नाही तर?"

तिनं दाराकडे पाहिलं. मग एकदम माझा हात धरला. "कुणाला बोलू नकासा मॅडम! पाया पडतो तुमच्या!"

हे ती इतक्या जोरात म्हणाली की पलीकडच्या गोदामातसुद्धा गेलं असेल. मी ओठांवर बोट ठेवलं. तिला कळलं. मग तिनं आवाज इतका खाली नेला की तो उरलाच नाही, नुसते ओठ हलले. मला ते वाचता येईनात. आमची ती सगळी बोलणी अशीच झाली, कधी गोदामभर आणि कधी नुसत्या ओठांनी.

ती इचलकरंजीची. तिकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना आलो-गेलो म्हणतात, तशीच बोलायची.

"लगीन होऊन आलो ते मागावरच आलो. सासऱ्याचं माग घरातच. खाली माग, वर आमी. दिस न्हाई रात न्हाई, खडाडखट, खडाडखट. मग हळूहळू आवाज कमी व्हाय लागला. मला वाटलं, सासऱ्यानं चांगलं तेलपाणी केलंय मागाला!" ती हसली. "खरंच वाटलं मॅडम. मी नवऱ्याला म्हटलं बी, आता बरं झालं बघा, झोप लागती. त्यो माझ्याकडं बघतच ऱ्हायला."

"मग कळलं कधी?"

"पोरगी मागनं हाका मारून मारून रडाय लागली एकदा. मी भाकरी करालतो. वळून बघतोय तर ही रडून लाल झाल्याली. म्हणली, आई तू माझ्यासंगं बोलत न्हाईस."

मी रिळांकडे बघत होते. तिनं माझं मनगट हलवलं, कारण मी तोंड फिरवलं होतं आणि मी काही बोलले की काय ते तिला कळत नव्हतं.

"काही नाही," मी तिच्याकडे वळून म्हटलं. "पुढे?"

"पुढं काय. माग भंगारात गेलं. दोन कारखान्यांत गेलो, तितल्या डाक्टरनं कानाजवळ कायतर वाजवलं आणि म्हणला, जावा घरी. हितं नुसतं डोळं आणि वजन बघितलं. म्हणून घुसलो. हे सुटलं तर परत उसात भांगलाय. आणि थोरलीला मागल्या साली शाळंतनं काढल्यालं, ती आता कुठं परत जायाली मॅडम."

"कामात अडतं कुठे? वायरींवर तर हात चालतोय तुमचा."

तिनं खिशातून एक कनेक्टर काढला. पांढरा, बोटाच्या पेराएवढा. "सर म्हणत्यात, वायर आत ढकला, टक आवाज आला की बसली, मग वडून बघा. मला टक कुठली ऐकू यायची? मग मी आपली ढकलत ऱ्हातो. एक तर पिन वाकती, न्हाईतर अर्धीच बसती. आणि सर पाठमोरं हून सांगाय लागलं की काय बोललं कळत न्हाई. मग तबस्सुम करंल ते करायचं."

"आणि तबस्सुम चुकली की?"

"मग आपुनबी चुकायचं," ती म्हणाली. "एकटीनं चुकण्यापरीस बरं."

ती गेल्यावर मी स्टोअरमधून कानात घालायचे फोमचे बोळे मागून घेतले. प्रेसच्या विभागातली माणसं ते वापरत. माझ्या टेबलाशी बसून मी दोन्ही कानांत बोळे खुपसले, वायर घेतली, कनेक्टर घेतला.

पहिली पिन वाकली. दुसरी अर्धी बसली, ओढल्यावर सुटून आली. मी करत राहिले. आवाज गेल्यावर हातात काय उरतं ते शोधत होते. बराच वेळ काही सापडलं नाही. वायर धरायची मी बोटांच्या टोकांनी, आपण सुई धरतो तशी. मग कंटाळून अंगठा सरळ मागे टेकवला, आणि ढकलताना अंगठ्याच्या पेरात एक बारीक ठोका लागला. कुणीतरी आतून बोट मारावं तसा. ओढून पाहिलं. वायर पक्की.

परत केलं. परत ठोका. म्हणजे टक होती, फक्त कानात नव्हती.

मला आनंद झाला असेल. आठवत नाही. आठवतं ते एवढंच की बोळे काढायचे राहून गेले आणि मी तशीच जीपमध्ये बसले. ड्रायव्हर आरशातून काहीतरी बोलत होता. मी मान हलवत राहिले.

घरी सासूबाई भजनाला गेल्या होत्या. निखिल ऋताला माझ्याकडे देऊन अंघोळीला गेला. मी तिला समोर बसवलं. कानात बोळे तसेच. घर गप्प होतं, पंखा नुसता फिरत होता. ऋता माझ्या डोळ्यांत बघत नव्हती. ती माझ्या ओठांकडे बघत होती, टक लावून, मालनसारखी. मी ओठ हलवले. तिनंही हलवले. मी तोंड मिटलं. ती वाट बघत राहिली.

मग मी बोळे काढले. बाथरूममध्ये बादली वाजत होती, खाली कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं. ती तशीच बसली होती. निखिल बाहेर आला, टॉवेलनं डोकं पुसत म्हणाला, "काय चाललंय दोघींचं?"

"खेळतोय," मी म्हटलं.

सकाळी मी यादव सरांना म्हटलं, "आजपासून शनिवारपर्यंत मी शिकवायची पद्धत बदलतेय. पूर्ण बॅचची."

"बदला की. काय करायचं?"

"पहिलं म्हणजे, बोर्डावर काम करून दाखवताना आपण बोलायचं नाही."

सर माझ्याकडे बघत राहिले. "बोलायचं नाही. मग शिकवायचं काय, मनात?"

"हात हातावर ठेवून. बोलायचं असेल तर आधी समोर उभं राहायचं, बोलून घ्यायचं, मग गप्प बसून करून दाखवायचं. बोलणं आणि करणं एका वेळी नाही."

"मॅडम, बालवाडी काढली का काय आपण?"

"प्रत्येक बाई वेगळी शिकते सर. एकच कॅसेट सगळ्यांना लावून उपयोग नाही."

मालनचं नाव मी घेतलं नाही. घेतलं असतं तर त्यांना विचारावं लागलं असतं, मग देसाई साहेबांना, मग कंपनीच्या डॉक्टरांना, आणि चाचणीच्या आधीच ती गेटबाहेर असती. म्हणून मी सगळ्यांचंच शिकणं सुटं सुटं करून बघितलं. एकीसाठी करायचं तर सगळ्यांसाठी करावं लागत होतं, आणि करायला घेतल्यावर दिसलं की ते सगळ्यांनाच हवं होतं.

तबस्सुमला जिभेनं पाठ व्हायचं. तिला नकाशा दाखवून काही उपयोग नव्हता. मी तिला म्हटलं, वाटा म्हणत म्हणत ओढ. तिनं चाल लावली. 'पिवळी-काळी माडीवरून, पिवळी-हिरवी दारावरून' असं काहीतरी लग्नातल्या गाण्याच्या सुरात ती दिवसभर म्हणायची आणि मग तिची वायर चुकेना. उज्ज्वला नावाची एक घाबरट मुलगी होती, कुणी शेजारी उभं राहिलं की तिचे हात थरथरायचे. तिचा बोर्ड मी कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून लावला आणि सरांना सांगितलं, हिच्याजवळ जायचं नाही, ती बोलावेल तेव्हाच जायचं.

"आणि बोलावलंच नाही तर?" सर म्हणाले.

"बोलावेल."

संध्याकाळी तिनं बोलावलं. बोर्ड बरोबर होता. सरांनी मिशीवरून हात फिरवला.

मालनच्या बोर्डापाशी मी स्वतः उभी राहायचे. तिच्या हातावर हात ठेवायचा, वायर धरायची, अंगठा सरळ मागे, आणि ढकलायचं. पहिल्यांदा तिला काही कळलं नाही. तिनं मान हलवली. परत. परत नाही. तिच्या अंगठ्याचं कातडं जाड होतं, मागाच्या धोट्यानं घासून दगड झालेलं. मग मी तिचा डावा हात घेतला आणि कनेक्टर त्या बोटांत धरायला लावला. ढकललं. तिचे डोळे मोठे झाले.

"हाय!" ती ओरडली. "मॅडम, हाय की वो आत कायतर!"

सगळी खोली वळून बघायला लागली.

"काय सापडलं मालनअक्का?" तबस्सुमनं विचारलं. "सोनं?"

मालननं तिच्याकडे पाहिलंच नाही. ती पुढचा कनेक्टर घेत होती.

शनिवारी देसाई साहेब आले. ते कारखान्याचे प्रमुख. उंच, कमी बोलणारे, कायम हात मागे बांधून चालणारे. बायका आपापल्या बोर्डांपुढे उभ्या होत्या, डोक्यावर शिकाऊंच्या पिवळ्या टोप्या. मी मालनला शेवटचा बोर्ड दिला होता, जिथून यादव सरांचं तोंड सरळ दिसतं.

सरांनी हात वर केला आणि खाली आणला. तोंडानं काही म्हणाले नाहीत. हाताने सुरुवात करून द्यायची त्यांना तेवढ्या दिवसांत सवय लागली होती.

मालनचे हात चालू झाले. शेजारी बघायचं कारण नव्हतं, ती बघत नव्हती. अंगठा मागे टेकायचा, डाव्या बोटांत ठोका लागेपर्यंत थांबायचा, मग सुटायचा. तिच्या कपाळावर घाम होता. देसाई साहेब एकेका बोर्डामागून फिरत शेवटी तिच्या मागे येऊन उभे राहिले.

"थांबा," ते म्हणाले.

तिचे हात चालूच.

"अहो बाई, थांबा जरा. बघू द्या."

तिनं दुसरी वायर उचलली. तबस्सुमचं गाणं बंद झालं. खोलीतले सगळे हात थांबले, फक्त मालनचे चालत होते. तबस्सुमनं हळूच तिच्या कोपराला हात लावला. मालननं वळून आधी तिच्याकडे पाहिलं, मग मागे. साहेबांना बघून तिनं वायर खाली ठेवली. खूप सावकाश ठेवली.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "केतकी, काय प्रकार आहे?"

"हिला ऐकू येत नाही," मी म्हटलं.

किती दिवस हे वाक्य माझ्या तोंडात होतं. ते त्या खोलीत, दुसऱ्याच बाईबद्दल, असं सरळ बाहेर पडलं. कुठे काही कोसळलं नाही. ट्यूबलाइट तशीच होती.

"तुला माहीत होतं?"

"हो सर. तुम्ही आधी बोर्ड तपासा. मग काय ते ठरवा."

मालन माझ्या आणि त्यांच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत होती. तिचा चेहरा मातीसारखा झाला होता. तिला दोघांचं सगळं कळत होतं, कारण आम्ही दोघंही उजेडात होतो.

साहेबांनी तिचा हार्नेस उतरवून तपासणीच्या यंत्राला जोडायला सांगितलं. प्रत्येक जोडाचा एक दिवा होता त्यावर. हिरवे लागत गेले, एकामागून एक, सगळे. यादव सरांनी प्रत्येक वायर हातानं ओढून बघितली, जरा जास्तच जोरानं. एकही सुटली नाही.

"हे ठीक आहे," साहेब म्हणाले. "पण लाइनवर कोणी काही सांगितलं तर हिला कळणार कसं?"

यादव सर खाकरले. "साहेब, खरं सांगू? लाइनवर ऐकू कुणाला येतंय? कॉम्प्रेसर सुरू झाला की मी पण हातवारेच करतो की. परवा मी त्या शिंद्याला पाणी मागितलं तर त्यानं पाना आणून दिला."

बायका हसल्या. साहेब हसले नाहीत. "आणि आग लागली तर? भोंगा वाजला तर?"

"मी आहे की शेजारी," तबस्सुम म्हणाली. "ओढून नेते."

"आणि तू सुट्टीवर असशील त्या दिवशी?"

ह्याला उत्तर हवंच होतं. ते त्यांनी विचारलं म्हणून मला त्यांचा राग आला नाही.

"भोंग्याच्या तारेवर दिवा बसवता येतो सर," मी म्हटलं. "तिच्या बोर्डाच्या वर. लाल. भोंगा वाजला की लागेल. लाइन थांबवायचं बटण दाबलं की पिवळा. आपल्या इलेक्ट्रिशियनचं एका दिवसाचं काम आहे."

त्यांनी मान वर करून बोर्डावरची जागा बघितली. मालन माझ्या तोंडाकडे बघत होती. मी तिला दिसेल असं तोंड केलं, पण सांगायला माझ्याकडे काही नव्हतं.

"दिवा लागेपर्यंत ही लाइनवर उभी राहणार नाही," शेवटी साहेब म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं. ते मालनच्या समोर येऊन उभे राहिले आणि परत म्हणाले, शब्द मोजल्यासारखे. "दिवा लागेपर्यंत इथंच काम करायचं. लागला की लाइनवर. कळलं?"

"कळलं साहेब!" मालन इतक्या मोठ्यानं म्हणाली की ते एक पाऊल मागे सरकले.

जेवणाच्या सुट्टीत ती आली आणि कॅन्टीनमध्ये माझ्यासमोर बसली. एरवी बायका आम्हा अधिकाऱ्यांच्या टेबलाशी बसत नसत. कॅन्टीन भरलेलं होतं. ताटं, वाट्या, भाकरी मागणाऱ्यांची ओरड. तबस्सुम आणि बाकीच्या शेजारच्या टेबलाला, यादव सर त्यांच्या पलीकडे. मालनच्या डोक्यावर आता हिरवी टोपी होती, कामगाराची. ती तिला जरा मोठी होत होती.

ती काही खात नव्हती. माझ्याकडे बघत होती.

"मॅडम," ती म्हणाली, "एक इचारू?"

मी मान हलवली.

"सरांस्नी कळलं न्हाई. माझ्या शेजारी उभं ऱ्हाणाऱ्या ह्या पोरींस्नी कळलं न्हाई. माझ्या सासूला दोन वरसं कळलं न्हवतं. तुमी एका दिसात कसं वळखलंसा?"

माझ्यासमोर आमटी होती. मी चमचा खाली ठेवला. आजूबाजूला बघितलं. मग तिच्याकडे तोंड करून, आवाज न काढता, नुसत्या ओठांनी म्हटलं, "माझ्या मुलीला ऐकू येत नाही."

निखिलला सांगितलं नव्हतं. सासूबाईंना नाही. माझ्या आईला फोनवर नाही. रात्री पाळण्याशेजारी बसून स्वतःशीसुद्धा मी ते पूर्ण वाक्य कधी म्हटलं नव्हतं. मला वाटलं, असं म्हटलं तर ते म्हटल्यासारखं होणार नाही.

मालनच्या कपाळावर आठ्या पडल्या. तिला नीट वाचता आलं होतं की नाही याची तिला खात्री करायची होती. ती टेबलावरून माझ्याकडे झुकली. आवाज खाली आणायचा तिनं प्रयत्न केला असणार, मला तिच्या तोंडावरून तसंच वाटलं.

"तुमच्या पोरीला ऐकू येत न्हाई व्हय?"

सगळ्या कॅन्टीनला ऐकू गेलं.

ताटं वाजायची थांबली. तबस्सुमचा घास हातात राहिला. वाढणारा माणूस पळी धरून उभा होता. यादव सरांनी मान खाली घातली आणि मग वर केली आणि माझ्याकडे बघितलं. मालनला ह्यातलं काही कळलं नव्हतं. तिला ती शांतता ऐकू येत नव्हती. ती माझ्या ओठांकडे बघत उत्तराची वाट बघत होती.

सगळेच बघत होते.

"हो," मी म्हटलं. या वेळी आवाजानं.